टॉर्चचा लिथियम सेल सुरक्षित कसा चार्ज करायचा? योग्य चार्जर कसा निवडायचा?

मोबाईलच्या चार्जिंगबद्दल आपण सगळेच बोलतो. किती वॅटचं फास्ट चार्जिंग आहे, रात्रभर लावून ठेवायचा की नाही, वगैरे. पण घरात अजून एक वस्तू असते, जिच्यात मोबाईलसारखीच लिथियम-आयन बॅटरी असते आणि जिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. ती म्हणजे टॉर्च. ट्रेकला नेतो तो हेडलॅम्प, गाडीच्या डिकीतला मोठा टॉर्च, किंवा गावाकडे जिला नुसतं "बॅटरी" म्हणतात ती. आज त्यातल्या सेलबद्दल आणि त्याच्या चार्जरबद्दल सविस्तर पाहूया. (गोंधळ नको म्हणून या लेखात दिव्याला "टॉर्च" आणि आतल्या बॅटरीला "सेल" म्हणतो.)

हा लेख लिहायचं कारण माझे मामा. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे जुन्नर तालुक्यात गेलो होतो. तिकडे उसाचं रान, बिबट्या आणि शेतीला रात्रीची लाईट या तीन गोष्टी एकत्र आल्या की टॉर्चशिवाय अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मामा रात्री दारं धरून पहाटे घरी आले, टॉर्च पडवीतल्या खाटेवर ठेवून चार्जिंगला लावला आणि झोपले. दुपारी मी सहज हात लावला तर टॉर्च चांगलाच गरम. खाटेवर गोधडी आणि शेजारीच कडब्याची गंजी!

आधी तो सॉकेटमधून काढला, अंगणात नेऊन थोडा गार होऊ दिला, मग उघडला. हा मागच्या बाजूने दोन पिना बाहेर काढून थेट सॉकेटमध्ये लावायचा जुना टॉर्च होता. आत मुळातली बॅटरी नव्हतीच. तिच्या जागी कोणीतरी निळ्या प्लास्टिकचा लिथियम सेल झाळून बसवला होता. मामेभावाकडे मोटरच्या कामासाठी मल्टिमीटर होता, त्याने मोजलं तर ४.३८ व्होल्ट. हा आकडा किती वाईट आहे ते पुढे कळेलच.

"मामा, हा सेल कधी बदलला?"

"दोन वर्षं झाली की. आधीची बॅटरी बसली होती. बाजारात दुरुस्तीला दिला, त्याने हा टाकून दिला. आधीपेक्षा जास्त चालतो."

"आणि असाच तासन् तास लावून ठेवता?"

"मग? तुम्ही मोबाईल रात्रभर लावता तो चालतो, आणि आमची बॅटरी लावली की लगेच फुटणार का रे?"

माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी डिग्री ई अँड टीसीची आहे. तरीही मामांना पटेल असं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. म्हणून आता नीट देतो.

मोबाईलचा चार्जर खरं तर चार्जर नसतो

भिंतीला लावतो त्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो, पण तो फक्त अ‍ॅडॉप्टर आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचं तो ५ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो आणि फोनने मागितलं तरच जास्त व्होल्टेज देतो. बॅटरीत किती करंट सोडायचा, कधी कमी करायचा, कधी बंद करायचा, हे सगळं फोनच्या आत बसलेली चार्जिंगची चिप ठरवते. बॅटरीचं तापमानही फोन मोजत असतो. म्हणूनच "फोन गरम झाला आहे, चार्जिंग थांबवलं आहे" असा मेसेज तुम्ही कधीतरी पाहिला असेल. शिवाय बॅटरीला चिकटून एक छोटं संरक्षक सर्किट असतं ते वेगळंच.

म्हणजे फोन रात्रभर लावून ठेवला तरी खरा चार्जर आत जागा असतो. भरल्यावर तोच हात आवरता घेतो.

टॉर्चचा सुटा सेल म्हणजे नुसता लोखंडी डबा. त्याला किती भरलो हे कळत नाही आणि "आता बास" म्हणता येत नाही. ते सगळं डोकं चार्जरमध्ये असावं लागतं. चार्जरमध्येही ते नसेल, तर मग थांबवणारं कोणीच उरत नाही. मामांच्या टॉर्चमध्ये नेमकं हेच झालं होतं.

४.२ व्होल्टची लक्ष्मणरेषा

लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणला. ज्या संशोधनावर तो उभा आहे, त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टॉर्चमध्ये येणाऱ्या नेहमीच्या सेलवर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. हा सरासरी आकडा झाला. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टला असतो आणि वापरताना तो २.५ ते ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो.

४.२ च्या पुढे काय होतं? चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूकडून ऋण बाजूकडे जातात आणि तिथल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. एसटीत सगळ्या सीट भरल्यावरही कंडक्टर माणसं आत घेतच राहिला तर लोक मधल्या वाटेत उभे राहतात, तसं ग्रॅफाइटमधली जागा संपली की लिथियम धातूच्या रूपात वरच साचायला लागतं. त्याचे सुईसारखे काटे वाढू शकतात. धन आणि ऋण बाजूंच्या मध्ये प्लास्टिकचा एक अगदी पातळ पडदा असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट. दुसरीकडे धन बाजूतून प्रमाणाबाहेर लिथियम निघून गेल्याने ती अस्थिर होते आणि तापली की ऑक्सिजन सोडते. आतलं द्रावण ज्वलनशील. एकदा ठरावीक तापमान ओलांडलं की उष्णतेमुळे रासायनिक क्रिया वाढते, क्रियेमुळे उष्णता वाढते, आणि हे चक्र थांबवता येत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ४.३ किंवा ४.४ व्होल्टला सेल लगेच फुटेलच असं नाही. प्रत्येक वेळी आत थोडं थोडं नुकसान होत जातं. म्हणून "दोन वर्षं काही झालं नाही" हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. दुसरी, फोनची बॅटरी पिशवीसारखी असते, ती बिघडली की फुगते आणि आपल्याला आधी समजतं. टॉर्चचा सेल स्टीलच्या नळीत बंद असतो. तो असा फुगून दाखवत नाही. आतला दाब प्रमाणाबाहेर गेला की वरच्या टोकाकडून गॅस सोडतो, तोपर्यंत बाहेरून सगळं ठीक दिसतं.

योग्य चार्जर आत काय करतो?

नळाखाली कळशी भरताना आपण सुरुवातीला नळ पूर्ण सोडतो आणि काठापर्यंत पाणी आलं की बारीक करतो. लिथियमचा चार्जर तसंच करतो. पहिल्या टप्प्यात एकसारखा करंट देतो, उदाहरणार्थ १ अँपिअर. सेल ४.२ व्होल्टला पोहोचला की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू कमी होत जातो. करंट ठरावीक पातळीखाली गेला की चार्जिंग बंद. टीपी४०५६ नावाची छोटी चिप अनेक स्वस्त टॉर्चमध्ये आणि चार्जर बोर्डांवर सापडते. ती जास्तीत जास्त १ अँपिअर देते आणि करंट ठरवलेल्याच्या एक दशांश झाला की थांबते. म्हणजे हे तंत्र काही महाग नाही. काही चार्जरमध्ये ते मुद्दाम वगळलेलं असतं, एवढंच.

मामांच्या टॉर्चमध्ये नेमकं काय चुकलं?

त्या टॉर्चमध्ये मुळात ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. इन्व्हर्टरच्या बॅटरीचंच छोटं भावंड म्हणा. ही बॅटरी चार्ज होताना साधारण ४.८ ते ४.९ व्होल्टपर्यंत जाते आणि थोडा जास्त चार्ज निमूटपणे सहन करते. म्हणून या टॉर्चमधलं सर्किट अगदी साधं असतं: एक कपॅसिटर, चार डायोड, एक लाल दिवा. भरल्यावर बंद करायची सोयच नाही.

दुरुस्ती करणाऱ्याने बघितलं, जुनी ४ व्होल्टची, नवा ३.७ व्होल्टचा, जवळजवळ सारखंच! पण एकाची वरची हद्द ४.९ आणि दुसऱ्याची ४.२. सर्किट आपला करंट देतच राहिलं. वर त्या टॉर्चमध्ये सेल फार उतरला तर बंद करणारं सर्किटही नव्हतं. दोन्ही बाजूंनी मार.

तुमच्या घरी अशी दुरुस्ती झालेला टॉर्च असेल तर चार्जिंग आजच थांबवा. त्यात पुन्हा तशीच लेड-अ‍ॅसिड बॅटरी टाका, नाहीतर नवीन टॉर्च घ्या. आणि एक महत्त्वाचं, थेट पिनांच्या या टॉर्चचं आतलं सर्किट बहुतेक वेळा घरच्या विजेपासून वेगळं केलेलं नसतं. सॉकेटमध्ये असताना तो कधीही उघडू नका, शॉक बसेल.

आपल्या टॉर्चमध्ये कोणता सेल आहे?

सेलवरचा नंबर म्हणजे त्याचं माप. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल नळीचा. टॉर्चमध्ये साधारण हे प्रकार भेटतात:

- १८६५०: सगळ्यात जास्त दिसणारा. पॉवर बँक आणि लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतही हाच.
- २१७००: थोडा मोठा, जास्त क्षमतेचा. नव्या ताकदवान टॉर्चमध्ये.
- १४५००: आकार अगदी पेन्सिल सेलचा (डबल ए), पण व्होल्टेज ३.७. दीड व्होल्टच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला तर ते उपकरण जळू शकतं.
- १६३४०: छोटा जाड सेल. याच मापाचा सीआर१२३ए नावाचा ३ व्होल्टचा सेल येतो, तो रिचार्जेबल नाही. तो चार्जरमध्ये कधीही घालायचा नाही.

आता रसायन बघा. सेलवर ३.२ व्होल्ट लिहिलं असेल तर तो लिथियम आयर्न फॉस्फेटचा आहे. त्याची हद्द ३.६५ व्होल्ट, म्हणून ४.२ चा चार्जर त्याला चालत नाही. उलट काही खास सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येतात. ते साध्या ४.२ च्या चार्जरवर थोडे कमी भरतात, पण सुरक्षित राहतात. १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल ही तिसरीच जात. फक्त लिथियमसाठी असलेल्या चार्जरमध्ये ते घातले तर चार्जर ४.२ व्होल्टची वाट बघत बसतो, आणि सेल तापत राहतो.

सेल चार्जरच्या खाचेत नीट बसला म्हणजे तो त्या चार्जरचा झाला असं नाही. आधी वाचा, मग घाला.

चार्जर घेताना काय बघायचं?

१. चार्जरवर ४.२ व्होल्ट आणि लिथियम-आयन असं स्पष्ट छापलेलं हवं.

२. प्रत्येक खाच स्वतंत्र हवी. दोन सेल एकत्रच चार्ज करणारा चार्जर टाळा. दोन्हींची पातळी वेगळी असली की एक आधी भरतो आणि त्याच्यावर अन्याय होतो.

३. उलटा सेल घातला तर संरक्षण हवं. घाईत प्लस-मायनसची चूक कोणाचीही होते.

४. करंट निवडता यावा. निदान ०.५ आणि १ अँपिअर असे दोन पर्याय.

५. स्क्रीनवर व्होल्टेज दिसत असेल तर उत्तमच. एक्सटार आणि नाइटकोर या टॉर्च वापरणाऱ्यांमध्ये माहीत असलेल्या कंपन्या आहेत. त्यांचे यूएसबीवर चालणारे एक-दोन खाचांचे चार्जर घरासाठी पुरेसे आहेत.

टॉर्चसोबत फुकट मिळणारा, थेट सॉकेटमध्ये घुसणारा, लाल-हिरवा दिवा असलेला हलका चार्जर असेल तर त्याच्यावर आंधळा विश्वास नको. हिरवा दिवा लागला म्हणजे करंट बंद झालाच असं त्यात नसतं. तो कसा तपासायचा ते पुढे सांगतो.

किती करंट द्यायचा?

साधा नियम: सेलची क्षमता जेवढी, तिच्या निम्मा करंट किंवा त्याहून कमी. २५०० एमएएचच्या १८६५० ला १ अँपिअर अगदी आरामात चालतो, साधारण तीन तासांत भरतो. १४५०० आणि १६३४० हे छोटे सेल हजार एमएएचच्याही आत असतात. त्यांना ०.२५ ते ०.५ अँपिअर द्या. "लवकर भरायचा आहे" म्हणून छोट्या सेलवर २ अँपिअर लावणं म्हणजे लहान पोराच्या डोक्यावर सिमेंटची गोणी देणं.

यूएसबी-सी चा टॉर्च आहे, मग फोनचा अ‍ॅडॉप्टर चालेल का?

चालेल. टॉर्चलाच चार्जिंगचं पोर्ट असेल तर खरा चार्जर टॉर्चच्या आत आहे, फोनसारखाच. ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर लावला तरी तो समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही. त्यामुळे "मोठा चार्जर लावला तर टॉर्च उडेल" ही भीती नको.

उलट वेगळीच तक्रार येते. टॉर्च दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाही! टॉर्च बिघडलेला नसतो. यूएसबी-सी मध्ये "मला वीज हवी आहे" हे सांगायला उपकरणात ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लागतात. स्वस्त टॉर्चमध्ये काही पैसे वाचवायला ते टाकलेलेच नसतात. मग सी-टू-सी केबलवर अ‍ॅडॉप्टर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनं रुंद यूएसबी असलेली केबल वापरा, काम होतं.

एकच अट: असा टॉर्च चांगल्या कंपनीचा असावा. आतला चार्जर आपल्याला दिसत नाही, त्यामुळे इथे सगळा भरवसा बनवणाऱ्यावर आहे.

९८०० एमएएचचा सेल? असा सेल नसतो!

ऑनलाईन "९८०० एमएएच" छापलेले १८६५० सेल स्वस्तात दिसतात. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांचे या मापाचे चांगले सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच असतात. त्यामुळे पाच-सहा हजारांच्या वरचा कोणताही आकडा दिसला की पुढे स्क्रोल करा. कॅपॅसिटीबद्दल जो खोटं बोलतो, तो आतल्या पडद्याच्या दर्जाबद्दल खरं कशाला बोलेल? खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तुमचा तीस ग्रॅम भरला तर समजा काय ते.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सुटे सेलही टाळा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल वापरू नका असा जाहीर इशारा दिला होता, कारण पॅकमधून सुटा केलेला सेल आपलं संरक्षक सर्किट मागेच सोडून येतो. टॉर्चसाठी "प्रोटेक्टेड" सेल घ्या. त्याच्या बुडाला छोटं सर्किट असतं, त्यामुळे तो ६८ ते ७० मिलिमीटर लांब भरतो. टॉर्चमध्ये तेवढी जागा आहे का, ते आधी बघा. हे सर्किट शेवटचा अडसर आहे. ते आहे म्हणून कसलाही चार्जर चालेल असं समजू नका.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावरचा आर-ने सुरू होणारा नंबर "बीआयएस केअर" अ‍ॅपमध्ये टाकून बघा. फोन हातात आहेच, अर्धं मिनिट लागतं.

चार्ज करताना: एकेक पायरी

१. सेलचं प्लास्टिक वेष्टन बघा. धन टोकाजवळची पांढरी चकती जागेवर हवी. त्या टोकाची बटणाएवढी जागा सोडली तर सेलचं बाकीचं सगळं अंग ऋण असतं. वेष्टन फाटलं की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

२. सेल गरम असेल तर गार होऊ द्या. ट्रेकवरून आल्या आल्या लावू नका.

३. चार्जर फरशीवर, कडप्प्यावर किंवा स्टीलच्या ताटाशेजारी मोकळ्या जागेत ठेवा. गादी, गोधडी, पडदा, कागद, कडबा, गॅस सिलिंडर यांच्याजवळ नको. दाराच्या वाटेतही नको, कारण काही झालं तर तुम्हाला तिथूनच बाहेर पडायचं आहे.

४. प्लस-मायनस बघून सेल घाला, करंट निवडा.

५. दहा-पंधरा मिनिटांनी हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नाही इतका गरम असेल तर स्विच बंद करा.

६. जागे असताना चार्ज करा, भरला की काढा.

खोलीचं तापमानही महत्त्वाचं. हे सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या टप्प्यातच चार्ज करायचे असतात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी चार्जिंग लावू नका, संध्याकाळची वाट बघा. आणि हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनो, शून्याखाली सेल वापरता येतो, पण चार्ज करायचा नाही. थंडीत आयन ग्रॅफाइटमध्ये शिरायला वेळ घेतात आणि वर सांगितलं तसं लिथियम वरच साचतं. सेल आधी जॅकेटच्या आत ठेवून ऊबेला आणा.

तुमचा चार्जर खरा की खोटा? दोनशे-तीनशे रुपयांची चाचणी

साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो २० व्होल्ट डीसीवर लावा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला.

- हिरवा दिवा लागल्यावर सेल काढून लगेच मोजा. ४.१५ ते ४.२० आलं तर छान.
- मग सेल परत घाला, समोर बसून अजून तासभर ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा वर सरकत असेल, तर चार्जर थांबत नाहीये.
- ४.२५ च्या वर गेला तर तो चार्जर बाद. कोणाला फुकटही देऊ नका.
- नवा सेल चार्ज करण्याआधी २ व्होल्टच्या खाली दिसला तर तोही बाद. इतका उतरलेला सेल बरेच दिवस पडून राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते चुकीच्या जागी जमून शॉर्ट करू शकतं. काही चार्जर मेलेला सेल "जिवंत" करतो म्हणतात. त्या भानगडीत पडू नका.

टॉर्चमध्ये दोन सेल एकामागे एक लागत असतील तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आणि एकाच वेळी चार्ज केलेले हवेत. नवा-जुना अशी जोडी लावली तर कमजोर सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून उलटा करंट ढकलतो.

धूर आला तर?

फुसफुस आवाज, गोडसर किंवा केमिकलसारखा वास, किंवा धूर, यातलं काहीही आलं तर सेल हातात घेऊ नका. सुरक्षितपणे जमत असेल तर मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. धूर विषारी असतो, त्यात तोंड घालून बघू नका. वीज बंद असेल आणि आग छोटी असेल तर लांबून भरपूर पाणी मारा, कारण इथे सेल गार करणं गरजेचं असतं. वाळूने ज्वाळा दबतात, पण सेल आतून तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटू शकतो. आवरत नसेल तर बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करा.

ठेवणं, नेणं, टाकून देणं

बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल अर्धा भरलेला, म्हणजे ३.७ ते ३.८ व्होल्टला ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको. खिशात किल्ल्या आणि नाण्यांसोबत सुटा सेल कधीच नको, पंधरा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी वापरा. विमानात सुटे सेल फक्त केबिनच्या बॅगेत न्यायचे, चेक-इन सामानात नाही.

बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. घंटागाडीत टाकला तर कॉम्पॅक्टरमध्ये चिरडून तो तिथेच पेटू शकतो, आणि भाजतात ते सफाई कामगार.

थोडक्यात

- सेलवरचं व्होल्टेज आणि चार्जरवरचं व्होल्टेज आधी जुळवा.
- लेड-अ‍ॅसिडच्या टॉर्चमध्ये लिथियमचा सेल बसवू नका.
- भरल्यावर खरंच थांबतो असाच चार्जर वापरा, एकदा मोजून खात्री करा.
- कठीण, मोकळ्या जागेवर, जागे असताना चार्ज करा.
- फाटलेला, पडून चेपलेला, फार उतरलेला किंवा खोट्या आकड्याचा सेल वापरू नका.

मामांचा तो सेल मी त्या दिवशी कापला नाही की पुन्हा चार्जही केला नाही. टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात, गोठ्यापासून लांब ठेवला आणि पुण्याला परतताना ई-कचऱ्यात दिला. मामांना यूएसबीवर चार्ज होणारा टॉर्च आणून दिला आहे. आता तो ओट्यावर, फरशीवर चार्ज होतो, संध्याकाळी जेवणं चालू असताना. गोधडीवर ठेवायची सवय मोडायला मात्र मामींना दोन-तीनदा ओरडावं लागलं.

तुमच्याही गावी, आजोळी असा एखादा दुरुस्त केलेला टॉर्च असेल. पुढच्या वेळी गेलात की तो उघडून बघा. आधी सॉकेटमधून काढून!